उजव्या बाजूचा समुद्र

मुंबईहून गोव्याकडे दिवसाउजेडी निघालेल्या कोकण रेल्वेच्या कोणत्याही गाडीत, पनवेल मागे पडले आणि पहिल्या चहाचे कागदी कप रिकामे झाले, की समुद्र कोणत्या बाजूला दिसतो हा प्रश्न हमखास विचारला जातो. भूगोलापुरते त्याचे उत्तर सोपे आहे. गाडी दक्षिणेकडे जात असल्यामुळे उजवी बाजू ही पश्चिम ठरते आणि अरबी समुद्र पश्चिमेला असल्याबद्दल शालेय पाठ्यपुस्तकापासून हवामान खात्यापर्यंत कोठेही मतभेद नाहीत. या ज्ञानाच्या बळावर ज्याने उजवीकडची खिडकी मिळवलेली असते, त्याला रोह्यापासून पुढे जांभ्या दगडाच्या उभ्या कापलेल्या भिंती, भाताची खाचरे, आंब्या-काजूच्या बागा, कौलारू घरांची पाठीमागची अंगणे, बोगद्यातला काळोख आणि त्या काळोखात काचेवर उमटलेला स्वतःचाच चिंतातुर चेहरा एवढे सगळे दिसते. समुद्र मात्र, तो उजवीकडेच असूनही, दर्शन देत नाही. देशातल्या निसर्गरम्य रेल्वेमार्गांत ज्याची अग्रक्रमाने गणना होते तो हा किनारपट्टीचा मार्ग किनाऱ्यापासून हातभर नव्हे, तर मैलोगणती दूर राहूनच जातो, आणि तरीही समुद्राच्या भरवशावर खिडक्या अडवणाऱ्यांची संख्या कधी घटत नाही. ही श्रद्धा कशी टिकते, हा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे.

प्रथम हे नमूद केले पाहिजे की यात रेल्वेचा दोष नाही. सह्याद्री आणि समुद्र यांच्या कात्रीत सापडलेल्या या चिंचोळ्या पट्टीत सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली अशा नद्या घाटमाथ्यावरून घाईघाईने उतरतात आणि थोडक्याच अंतरात समुद्र गाठतात. गाठताना त्या इतक्या रुंदावतात की त्यांना नदी म्हणणे थांबवून खाडी म्हणावे लागते. खाडी म्हणजे नदीच्या मुखातून आत शिरलेले, भरती-ओहोटी पाळणारे खारे पाणी. किनाऱ्यालगत रूळ टाकायचे तर अशा प्रत्येक खाडीवर प्रचंड पूल हवा आणि आतल्या बाजूने न्यायचे तर वाटेत डोंगर; अभियंत्यांनी या दोहोंपैकी डोंगर पत्करले. मार्गाचा चढ दीडशे मीटरला एक मीटर यापेक्षा कडक असू नये, असेही ठरल्यामुळे डोंगर चढण्याची सोय उरली नाही आणि ते पोखरावे लागले. परिणामी रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गावर लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे झाले, आणि बोगद्यांची एकत्रित लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरल्यामुळे, ज्या मार्गाची ख्याती डोळ्यांचे पारणे फेडणारा अशी आहे, त्याचा जवळजवळ नववा हिस्सा डोळे मिटून पाहिला तरी काही फरक पडत नाही. या व्यवस्थेने कोकणातील गावांची मोठी काटेकोर वाटणी केली. हर्णै, गुहागर, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले यांना समुद्र मिळाला, रेल्वे मिळाली नाही. खेड, चिपळूण, कणकवली आणि कुडाळ यांना रेल्वे मिळाली, समुद्र मिळाला नाही. रत्नागिरीला दोन्ही मिळाले, पण तेथेही स्थानक आणि किनारा यांची गाठ घालून देण्याचे काम रिक्षावाल्याकडेच राहिले, आणि ते काम तो फुकट करत नाही.

समुद्र मनसोक्त दिसेल असा कोकणप्रवास पूर्वी उपलब्ध होता, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी, म्हणजे वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या प्रवासी बोटी, बंदरोबंदर थांबत दक्षिणेकडे जात, आणि जेथे बोट धक्क्याला लागू शकत नसे तेथे उतारूंना बोचक्यांसह आणि लेकराबाळांसह पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवून घेतले जाई. त्या प्रवासात समुद्र उजवीकडे होता, खाली होता आणि हवा बिघडली की वरूनही येत असे. निसर्गदर्शनाची एवढी मुबलक सोय असूनही त्याकडे पाहण्याची इच्छा फारच थोड्यांना होई, कारण बहुतेकांना बोट लागलेली असे. बोट लागणे म्हणजे हेलकाव्यांनी पोट ढवळून डोके वर काढता न येणे, आणि या अवस्थेतल्या माणसाला अस्तास जाणाऱ्या सूर्याचे कौतुक ऐकवणे हा शत्रुत्वाचा प्रकार समजला जाई. पुढे बोटींची जागा एसटीने, म्हणजे कोकणाच्या जिभेवरच्या यष्टीने घेतली, आणि कशेडी घाटातील वळणांनी बोटीची उणीव कोणालाही भासू दिली नाही. खिडकीची जागा या संकल्पनेला कोकणात मान मिळाला तो याच काळात, आणि तो निसर्गासाठी नव्हता. खिडकी ही बाहेर पाहण्यापेक्षा बाहेर डोके काढण्याची सोय होती.

तात्पर्य, कोकणच्या माणसाने रेल्वे मागितली ती सृष्टिसौंदर्य न्याहाळण्यासाठी नव्हे, तर कपडे स्वच्छ आणि पोट शाबूत ठेवून घरी पोहोचण्यासाठी. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्यांनी या मागणीसाठी आयुष्य वेचले, बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली, आणि १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा दुर्मीळ योग जुळून आल्यावर १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना होऊन ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. महामंडळाच्या भांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला. यातील केरळची भूमिका विशेष अभ्यासनीय आहे, कारण कोकण रेल्वेचा एक मीटरही रूळ केरळमध्ये नाही. घरी जाण्याची ओढ असली म्हणजे माणूस दुसऱ्याच्या अंगणातल्या रस्त्यालाही वर्गणी देतो, एवढाच याचा अर्थ घेता येतो. पेडण्याच्या बोगद्यात मऊ, ओल्या मातीने अभियंत्यांना अखेरपर्यंत छळल्यामुळे थोडा विलंब झाला, पण २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. खर्चाचा भार हलका करण्यासाठी या मार्गावरील भाडे आकारताना अंतर प्रत्यक्षापेक्षा वाढवून धरण्याची पद्धत पडली, त्यामुळे उतारू काही किलोमीटर असेही मोजतो जे तो गेलेलाच नसतो. न दिसलेल्या समुद्राचा आकार यातच धरला असावा, असा एक समज उजव्या बाजूच्या खिडक्यांमध्ये आढळतो.

अभियांत्रिकीचे जे दोन नमुने या मार्गाची शान म्हणून सांगितले जातात, त्यांचेही प्रवाशाशी असलेले नाते असेच चमत्कारिक आहे. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे येथील बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा असून कोकण रेल्वेवर त्याहून मोठा बोगदा नाही. रत्नागिरीच्या पलीकडचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंचीचा आहे. पहिला पाहू गेल्यास अंधार असल्यामुळे दिसत नाही आणि दुसरा पायाखाली असल्यामुळे दिसत नाही. पानवलचा पूल डोळे भरून पाहायचा तर दरीत उभे राहावे लागते आणि तेथून गाडीत बसता येत नाही. गाडीतल्या माणसाला खिडकीबाहेरची झाडे अचानक नाहीशी होऊन खाली हिरवा खड्डा पडल्याचे जाणवते, तो शेजाऱ्याला हाक मारतो, शेजारी चष्मा शोधतो, आणि चष्मा नाकावर चढेपर्यंत झाडे परत आलेली असतात.

बोगद्यातील लोकव्यवहाराची नोंद मात्र तपशिलाने घ्यावी लागेल. बोगदा आला की डब्यातील मुलांनी एकसुरात ओरडायचे, हा अलिखित नियम आहे. तो कोणी शिकवत नाही आणि कोणाला मोडताही आलेला नाही. पन्नास-शंभर मीटरच्या बोगद्यात हा प्रकार नेमका बसतो, म्हणजे आरोळीचा भर ओसरतो तोच उजेड येतो. करबुडेत मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटात मुलांचा दम संपतो, दुसरा श्वास घेऊन केलेली आरोळी पहिल्यासारखी वठत नाही, तिसऱ्या प्रयत्नापर्यंत काहींचे लक्ष वेफर्सच्या पुडीकडे वळते, आणि पुढची काही मिनिटे डब्यात अशी शांतता पसरते की कोणता बोगदा लांब आणि कोणता आखूड हे पालकांना कानांनी मोजता येते. प्रौढांसाठी बोगद्याचे कार्य वेगळे असून ते भ्रमणध्वनीशी, म्हणजे बोलीतल्या मोबाइलशी, निगडित आहे. "हॅलो, हां, चिपळूण गेलं. नाही, जेवलो नाही अजून. तू भात लाव, आम्ही चारपर्यंत" एवढ्यावर अंधार पडतो आणि वाक्य वरच्या वर लटकते. उजेड आल्यावर "हां, बोगदा होता, काय म्हणत होतो?" असे म्हणेपर्यंत पुढचा बोगदा येतो. कुडाळच्या स्वयंपाकघरात त्या भाताचे काय झाले, तो किती माणसांचा लागला आणि चारपर्यंत नेमके काय होणार होते, हे उतारू उंबरठ्यावर उभा राहीपर्यंत दोन्ही बाजूंना कळत नाही. तथापि बोगद्यामुळे टळलेली भांडणे हिशेबात घेतली तर ही गैरसोय क्षम्य ठरावी.

निसर्ग नीट दिसत नाही ही तक्रार दूर करण्यासाठी २०१७ मध्ये दादर-मडगाव जनशताब्दी एक्स्प्रेसला व्हिस्टाडोम नावाचा डबा जोडण्यात आला. व्हिस्टाडोम म्हणजे मोठमोठ्या काचांच्या खिडक्या, काचेचे छत आणि हवी त्या दिशेला फिरवता येणाऱ्या खुर्च्या असलेला डबा. या सोयीमुळे पूर्वी ज्या बोगद्यांच्या फक्त भिंतीच दिसत होत्या, त्यांची छतेही आता पाहता येऊ लागली. खुर्ची फिरवण्याच्या सोयीमुळे समुद्र कोणत्या बाजूला या जुन्या वादालाही नवे वळण लागले, कारण आता एकच प्रवासी दोन्ही बाजूंना वाद घालू शकतो. अशा डब्यात एखादे कुटुंब बसले असता वडील उजवीकडे, आई डावीकडे आणि मुलगा स्वतःच्या पडद्याकडे तोंड करून बसतो, आणि आजी, जी मुळात या डब्याच्या भाड्याच्या विरोधात असते, ती छताकडे पाहून पावसात हे गळत नाही ना, एवढीच चौकशी करते.

खिडकीसंबंधीच्या भूमिकेवरून या मार्गावरील उतारूंचे पर्यटक आणि चाकरमानी असे दोन वर्ग पडतात. चाकरमानी म्हणजे मुंबईत नोकरी करून शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला गावी येणारा कोकणातला माणूस. त्याची नोकरी जाऊन निवृत्तिवेतन सुरू झाले तरी ही पदवी त्याच्याकडे राहते. पर्यटकाला खिडकी हवी असते आणि चाकरमान्याला झोप. आरक्षणाच्या यंत्रणेला माणसाच्या ओढीतला हा फरक कळत नसल्यामुळे ती बहुधा चाकरमान्याला खालचा बर्थ, म्हणजे झोपण्याची खालची फळी, देऊन खिडकीपाशी बसवते आणि पर्यटकाला वरच्या बर्थवर, पंख्याच्या शेजारी चढवते. पुढचा व्यवहार अगदी सभ्यपणे होतो. पर्यटक प्रथम हवेबद्दल बोलतो, नंतर आपण पहिल्यांदाच या बाजूला येत असल्याचे सांगतो, त्यानंतर पत्नीला वर चढताना गुडघ्याचा त्रास होतो हे सूचित करतो. चाकरमानी हे सगळे ऐकून घेतो आणि, ज्याची तो पनवेलपासून वाट पाहत असतो ते, "बसा, बसा तुम्ही" हे वाक्य उच्चारून वर जातो. त्यानंतर त्याला रोहा दिसत नाही, खेड दिसत नाही, करबुडे आणि पानवल यांच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि तरीही कणकवली यायच्या पाच मिनिटे आधी तो आपोआप उठून चपला शोधू लागतो. पुलाच्या बदललेल्या आवाजावरून त्याला गाव जवळ आल्याचे कळते. जो मार्ग पर्यटकाला डोळे फाडूनही नीट दिसत नाही, तो याला डोळे मिटून पाठ असतो.

चाकरमानी झोपला नसेल तर तो एक पद्धतशीर चौकशी सुरू करतो. तिचा आरंभ "तुमी खंयचे?" या प्रश्नाने होतो आणि या प्रश्नाचे मुंबईतले उत्तर ग्राह्य धरले जात नाही. डोंबिवली सांगितल्यास "ता झाला, पण गाव खंयचा?" असा उपप्रश्न येतो, गाव सांगितल्यावर वाडी विचारली जाते, वाडीवरून आडनाव, आडनावावरून देवस्थानचा मान आणि मानावरून जुना तंटा निघतो, आणि संगमेश्वरच्या आसपास अनोळखी असलेली दोन माणसे राजापूरपर्यंत एकमेकांच्या चुलत-मावसगोतावळ्यात कोठेतरी सापडतातच. ज्या प्रवाशाचे मूळ नागपूर किंवा बीड येथील आहे, त्याच्याबाबत ही चौकशी थोडी रेंगाळते, पण सोडून दिली जात नाही. त्याच्या साडूची बदली एकदा चिपळूणला झाली होती एवढा धागा पुरेसा होतो.

खानपानाचा विचार केल्याशिवाय या मार्गाचे वर्णन अपुरे राहील. मुंबईहून सकाळी निघून दिवसभरात मडगाव गाठणारी मांडवी एक्स्प्रेस तिच्या रसोईयानासाठी, म्हणजे गाडीलाच जोडलेल्या स्वयंपाकघराच्या डब्यासाठी, ख्यातनाम आहे, आणि तिच्या मार्गिकेतून वडापाव, कटलेट, भजी, सूप, चिकन लॉलीपॉप आणि पुन्हा चहा अशी जी वर्दळ चालू असते तिच्यात खंड पडत नाही. याला समांतर अशी दुसरी व्यवस्था घरून आणलेल्या डब्यांची असते. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी यांची झाकणे पनवेलनंतर एकामागून एक उघडतात, आणि घरचे असताना बाहेरचे कशाला, हा सिद्धांत डब्यात मोठ्याने मांडला जातो. हा सिद्धांत पहिल्या कटलेटवाल्यापर्यंत टिकतो. येथे समुद्रदर्शनाच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली एक बाब आढळते, ती म्हणजे खाद्यपदार्थ नेहमी मार्गिकेच्या बाजूने येतो आणि निसर्ग नेहमी खिडकीच्या बाजूने जातो. सुटे पैसे देण्यासाठी मान आत वळलेली असताना बाहेरून जे गेले ते परत येत नाही, कटलेटवाला मात्र दर वीस मिनिटांनी येतो. तरीही सर्वजण आधी कटलेटवाल्यालाच गाठतात.

कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण पुढे समोरून गाडी येत असेल तर एकीने स्थानकातल्या बाजूच्या रुळावर थांबायचे आणि दुसरीला वाट द्यायची, यालाच क्रॉसिंग म्हणतात. कोणी थांबायचे हे गाडीच्या प्रतिष्ठेवरून ठरते. राजधानी आणि वंदे भारत यांना सगळे वाट देतात, दिवा-सावंतवाडी गाडी सगळ्यांना वाट देते आणि वऱ्हाडातल्या मानपान नसलेल्या पाहुण्यासारखी प्रत्येक स्थानकात कडेला उभी राहते. क्रॉसिंगच्या वेळी प्रत्येक डब्यात एक जाणकार प्रकट होतो. तो रेल्वेत नोकरीला नसतो, पण आता कोणती गाडी येणार, ती कोठे अडकली आहे आणि आपल्या गाडीला सिग्नल किती मिनिटांनी मिळेल हे तो ठामपणे सांगतो. त्याचे भाकीत चुकले तर दोष भाकिताला नव्हे, गाडीला दिला जातो. याच काळात खिडकीबाहेरचे दृश्य स्थिर असल्यामुळे छायाचित्रणास उत्तम संधी असते, अशी पर्यटकाची कल्पना असते, आणि तो मोबाइल सज्ज करून कोन साधतो तोच मधल्या रुळावर कोळशाची मालगाडी येऊन उभी राहते.

पावसाळ्यात, साधारणतः जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, या मार्गाला स्वतंत्र वेळापत्रक लागू होते. कापलेल्या डोंगरांची माती सैल होऊन रुळांवर येण्याचा धोका असल्याने गाड्यांचा वेग कमी केला जातो, दरडींवर जाळ्या बसवलेल्या असतात आणि रात्री-अपरात्री भर पावसात हातात दिवा घेऊन रुळांची गस्त घालणारे कर्मचारी पुढची वाट सुरक्षित असल्याची खातरजमा करतात. डब्यातल्या वरच्या फळीवरची गाढ झोप त्यांच्या जागरणावर उभी असते, ही या लेखातील एकमेव गोष्ट विनोदाच्या कक्षेबाहेर ठेवावी लागेल. एवढे करूनही निसर्ग आपलेच खरे करतो. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून आणि पाठोपाठ खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड कोसळून वाहतूक खोळंबली होती. पर्यटकाच्या दृष्टीने मात्र हाच सुगीचा काळ होय, कारण सह्याद्रीची प्रत्येक घळ धबधबा झालेली असते. उक्षीजवळचा रानपाटचा धबधबा गाडीतून दिसतो आणि तो येणार म्हणताच उजवीकडचे डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे धावतात, कारण तो नेमका कोणत्या बाजूला आहे हे दरवर्षी येणाऱ्यांनाही आठवत नाही. त्या काही सेकंदांत डब्यातून निघालेल्या छायाचित्रांमध्ये पावसाचे थेंब बसलेली काच, कोणाचे तरी कोपर आणि एका कोपऱ्यात पांढरी रेघ असते. ही रेघ म्हणजे धबधबा.

खरे निसर्गदर्शन या मार्गावर जर कोणाला घडत असेल तर ते ट्रकचालकांना. कोलाड ते गोव्यातील वेर्णा या टप्प्यात १९९९ पासून रो-रो सेवा, म्हणजे मालाने भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा, सुरू आहे. या गाडीतला चालक स्वतःच्या ट्रकच्या केबिनमध्ये, इतर सर्व उतारूंहून उंचावर, समोर अखंड काच घेऊन, मागे अंथरूण आणि शेजारी स्वतःचा स्टोव्ह घेऊन बसतो. त्याच्याशी खिडकीसाठी कोणी भांडत नाही आणि त्याला गुडघ्याचे दुखणे सांगत कोणी येत नाही. व्हिस्टाडोमच्या कल्पनेचे हे मूळ आणि अस्सल रूप म्हणता येईल. परंतु घाटातल्या गाडीहाकणीतून सुटका झालेला हा मनुष्य ट्रक वाघिणीला जखडला की लगेच आडवा होतो, आणि या मार्गावरची सर्वोत्कृष्ट काच पडदा ओढलेल्या स्थितीत गोव्याला पोहोचते.

परतीच्या प्रवासात खिडकीचे महत्त्व संपून सामानाचे सुरू होते. गणेशोत्सवाला गावी जाण्यासाठी आरक्षण खुले होताच काही मिनिटांत गाड्या भरतात, जादा गाड्या सोडल्या तरी त्याही भरतात, आणि जाताना पिशव्यांत असलेल्या मखराच्या सामानाची जागा येताना नारळ, उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ आणि आमसुले घेतात. मे महिन्यात यात आंब्याच्या पेट्या आणि न पिकलेला म्हणून आणलेला फणस यांची भर पडते. फणसाचे पिकणे हे गाडीच्या वेळापत्रकाशी बांधलेले नसल्यामुळे तो अनेकदा वातानुकूलित डब्यातच, माणगावच्या आसपास, पिकतो. सुक्या बांगड्यांची पिशवी वर्तमानपत्राच्या कितीही घड्यांमध्ये बांधली तरी वातानुकूलन यंत्रणा तिचा वास डब्यातल्या प्रत्येक उतारूला समप्रमाणात वाटते. हा वास कोणाच्या सामानाचा, याची चर्चा खेडपासून रंगते. पिशवीचा मालकच त्या चर्चेत सर्वांत तावातावाने भाग घेतो, पँट्रीवाल्यांकडे बोट दाखवतो, आणि ठाण्याला उतरताना बर्थखालून नेमकी तीच पिशवी ओढून घेऊन सर्वांचा निरोप घेतो.

दक्षिणेकडे निघालेल्या पर्यटकाची श्रद्धा गोव्यात शिरल्यावर एकदाची फळाला आल्यासारखी वाटते. करमळीच्या अलीकडे मांडवी आणि नंतर जुवारी या नद्यांचे रुंद, निळसर, होड्या आणि बार्जेस वागवणारे पात्र गाडीखाली येते आणि "समुद्र! समुद्र!" असा पुकारा होतो. खालच्या बर्थवरचा कोणीतरी स्थानिक उतारू डोळे न उघडता "ती खाडी" असे सांगतो, पण बारा तासांच्या प्रतीक्षेनंतर भूगोल ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. छायाचित्रे निघतात, ती नातलगांना पाठवली जातात, आणि त्या नातलगांपैकी दोघे-तिघे पुढच्या वर्षी उजवी बाजूच मागतात. जे मडगावला न उतरता पुढे कर्नाटकात जातात त्यांना काळी आणि शरावती याही अशाच भुलवतात; होन्नावरचा शरावतीवरचा पूल तर दोन किलोमीटरहून लांब, म्हणजे या मार्गावरचा सर्वांत लांब, असल्याने तेथे गैरसमजालाही ऐसपैस जागा मिळते. श्रद्धा कशी टिकते, या प्रश्नाचे उत्तर या छायाचित्रांत आहे. समुद्र कोणालाच दिसलेला नसतो आणि पुरावा मात्र सर्वांकडे असतो.

ज्याला एवढ्याने समाधान होत नाही आणि खराच समुद्र पाहायचा आहे, त्याने काय करावे, याचेही मार्गदर्शन आवश्यक आहे. त्याने प्रथम गाडीतून उतरावे. उतरल्यावर स्थानकाच्या फलकावर गावापुढे 'रोड' असे लिहिलेले असेल, जसे राजापूर रोड किंवा सावंतवाडी रोड, तर गाव येथे नसून येथून गावाला रस्ता जातो एवढाच त्याचा अर्थ आहे हे ध्यानात ठेवून, स्थानकाबाहेर मीटरशी वैर धरून उभ्या असलेल्या रिक्षेत बसावे, एसटी स्थानक गाठावे, आणि जिच्यापासून सुटका व्हावी म्हणून ही एवढी रेल्वे बांधली त्याच लाल गाडीत, शक्यतो खिडकीपाशी, बसून मालवण, वेंगुर्ले किंवा देवगड येथे ओळखीच्या माणसाकडे पोहोचावे. तेथे ओसरीवर टेकताच घरामागून लाटांचा आवाज येऊ लागतो आणि पाहुणा चहाचा कप तसाच ठेवून उठू पाहतो, तेव्हा ज्याने जन्मभर तो आवाज ऐकला आहे असा यजमान त्याला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवतो आणि म्हणतो, "समुद्र खंय पळान जातलो? आदी जेवा."